नाना तांदळे आणि संगणकातले पाव्हणे

आमच्या ऑफिसातले नाना तांदळे एकदा विहिरीत पडले. लोक धावले, वरून दोर सोडला आणि ओरडून सांगितलं, "नाना, धरा!" नाना गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. कशाला उगं तरास."

लोकांनी पुन्हा सांगितलं, "आहो, धरा की!"

"न्हाई, न्हाई. मी बरा हाय हितं."

मग काठावरच्या कुणीतरी नानांच्या साती पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा नाना म्हणाले, "बरं बाबा, एवढं म्हंताव तर..." आणि दोर धरला.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण नानांना ओळखणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगा. तो विहिरीवर शंका घेणार नाही, दोरावर घेणार नाही. फक्त एवढंच म्हणेल, "तिसऱ्यांदाच धरला? मग घाई असंल नानाला."

माणूस कसा, तर कपाळावर अष्टगंध, खिशाला दोन पेनं, पायात कोल्हापुरी आणि तोंडात कायम हे दोन शब्द: राहू द्या. चहा विचारा, राहू द्या. बसायला सांगा, राहू द्या. एकदा बीडहून आष्टीला जाताना एसटीत एका पोरीनं उठून त्यांना जागा दिली. नाना म्हणाले, राहू द्या. पोरगी शहाण्यासारखी परत बसली. नाना आष्टीपर्यंत उभे. अर्ध्या वाटेत बस निम्मी रिकामी झाली तरी उभेच, कारण रिकाम्या बाकड्यांपैकी एकानंही त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

दाताच्या डॉक्टरानं पकड हातात घेऊन विचारलं, "काढू का?" नाना आ वासलेल्या तोंडानं म्हणाले, "ऱ्हाऊ ग्या." डॉक्टर नवीन होता, परगावचा होता. त्यानं पुढच्या पेशंटला बोलावलं. नाना सुजलेला गाल घेऊन घरी आले आणि आठवडाभर म्हणत होते, "डॉक्टर हुशार हाय, पण माणुसकी न्हाई. परत विचारलं न्हाई त्यानं."

लग्नाच्या वेळी तर हसावं की रडावं असं झालं होतं म्हणे. "मुलगी पसंत हाय का?" असं सासऱ्यानं विचारलं आणि हा नवरदेव मान खाली घालून म्हणाला, "राहू द्या." सासरा उठलाच होता. मुलीचा मामा नानांच्या आष्टीकडचाच म्हणून निभावलं. तो म्हणाला, "बसा वो दाजी. आमच्याकडं ह्याला होकार म्हंतात." संसार मात्र झक्क झाला. काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. नाना एकटेच राहतात.

आता आमचं ऑफिस सांगतो, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. आमचे मालक दादासाहेब गुत्तेदार. सरकारी बांधकामं घेतात: गोदामं, पूल, शाळेच्या खोल्या, बाजाराचे ओटे. मी बिलं तयार करतो. नाना विम्याचं बघतात. बांधकाम म्हटलं की विमा आलाच. इमारतीचा वेगळा, यंत्रांचा वेगळा, कामगारांचा वेगळा. एक पॉलिसी ह्या कंपनीची, दुसरी त्या कंपनीची, एखादी दादासाहेबांच्या जुन्या ई-मेलात, एखादी कपाटात आणि एखादी दादासाहेबांच्या गाडीच्या डिकीत जॅकखाली. एक पॉलिसी शोधायची म्हणजे मी आणि नाना सकाळी कपाटात शिरायचो आणि दुपारी धुळीनं असे माखून निघायचो की चहावाला आम्हाला ओळखायचा नाही, दोन नव्या गवंड्यांना चहा दिल्यासारखा देऊन जायचा.

ह्यावर औषध काढलं दादासाहेबांच्या पुतणीनं. प्राजक्ता तिचं नाव. पुण्यात कॉम्प्युटरची मोठी इंजिनियर आहे. गेल्या दिवाळीत ती आली, सगळ्या कामांचे विमे एका ठिकाणी संगणकावर चढवले आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, "नाना, आता शोधायचं नाही. ह्या संगणकात एक मदतनीस बसवलाय. ए-आयचा. त्याच्याशी मराठीत बोलायचं. विम्याच्या नोंदी काढायची सोय त्याच्या हातात दिलेली आहे. तुम्ही कामाचं नाव सांगायचं, तो जाऊन नोंद घेऊन येईल."

"तो म्हंजी कोण?" नानांनी विचारलं.

"कोणी नाही नाना. प्रोग्रॅम आहे."

"आगं पण बोलतोय ना?"

"बोलतो."

"मग कोणी न्हाई कसं?" असं म्हणून नाना उठले आणि संगणकाशेजारी एक खुर्ची आणून ठेवली. फडक्यानं पुसली. त्या दिवसापासून त्या खुर्चीवर कुणाला बसू देत नव्हते. दादासाहेबांचा मेहुणा एकदा बसायला गेला तर नानांनी त्याच्या ढुंगणाखालून खुर्ची ओढली. "तिथं पाव्हणं आस्तेत," म्हणाले.

पाव्हणे! हेच नाव पडलं त्याला. आणि पाहुण्याशी आपल्याकडं कुणी आल्या आल्या कामाचं बोलतं का? नानांनी पहिल्याच दिवशी एका बोटानं, एकेक अक्षर जणू जमिनीतून उपटत असल्यासारखं, टाईप केलं: 'रामराम पाव्हणं. वाटंत काही तरास न्हाई ना झाला?'

उत्तर आलं: 'नमस्कार. मी आपली कशी मदत करू शकतो?'

नाना टाईप करतात: 'मदत हुईल सावकाश. गाव कोणतं म्हणायचं आपलं?'

'मी एक संगणक प्रणाली आहे. मला गाव नाही.'

नानांनी चष्मा काढला. माझ्याकडं वळून हळू आवाजात, जणू खुर्चीतल्याला ऐकू जाऊ नये, म्हणाले, "गावच न्हाई बे बिचाऱ्याला. आन तरी बोलणं किती सरळ."

दुसऱ्या दिवशी विचारलं, जेवण झालं का. पाहुणा म्हणाला, मला जेवणाची गरज नसते. नाना दिवसभर हळहळले. तिसऱ्या दिवशी पाऊसपाणी विचारलं. त्यानं बीड जिल्ह्याच्या पर्जन्यमानावर अशी लांबलचक माहिती दिली की नाना म्हणाले, "हे पाव्हणं तलाठी असावं आधीच्या जन्मी."

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण ह्या पाहुण्याला प्राजक्तानं एक शिस्त लावून दिली होती. कामगारांच्या विम्यात माणसांची नावं, वयं, आधार नंबर असं खासगी सगळं असतं. म्हणून अशी नोंद उघडण्याआधी तो विचारायचा: 'ही नोंद उघडू का?' आणि हो म्हणायचा अधिकार दोघांनाच. एक दादासाहेब, दुसरे नाना. दुसऱ्या कुणी त्यांच्या नावानं 'हो' लिहायचं नाही, असं तिनं बजावलं होतं.

आता विचारा, 'उघडू का?' ह्यावर आमचे नाना काय उत्तर देणार?

'राहू द्या. कशाला तरास.'

'ठीक आहे. विनंती रद्द केली आहे.'

नाना पडद्याकडं बघत बसायचे. हात मांडीवर, चेहऱ्यावर पाहुण्याकडून आता आग्रह होणार अशी प्रसन्न वाट बघणं. पाहुणा गप्प. भिंतीवरची पाल भिंत उतरून परत चढायची. पाहुणा गप्प. मग नाना सुस्कारा टाकायचे, "लई कोरडं हाय बे हे. एकदा म्हणून दुसऱ्यांदा म्हणणं न्हाई. कुणी वाढवलं आसंल ह्याला?"

"नाना, ते यंत्र आहे. नको म्हटलं की त्याला नकोच कळतं."

"मग शिकीवलं काय त्याला त्या पोरीनं?"

रोजच्या कामात मी मागं उभा राहून नानांचं बोट धरून 'हो' लिहवून घ्यायचो. प्राजक्तानं जाताना बजावलंही होतं, तीन वेळा नको म्हटलं तर ती नोंद आपोआप बंद होते, मग मलाच उघडावी लागते. नाना त्यावर म्हणाले होते, "राहू दे, तू कशाला तरास घेतीस."

आणि मग तो दिवस उजाडला.

युसूफ वडगावला आमच्या गोदामाचं काम चालू होतं. दुपारी सुपरवायझरचा फोन आला: शब्बीर मिस्त्री परांचीवरून पडला. शब्बीर म्हणजे आमचा सगळ्यात जुना गवंडी. बोलायला गोड, कामाला चोख आणि गिलाव्यावर असा हात फिरवायचा की भिंत बघून लोक भांग पाडायचे. पाय मोडला होता. त्याला बीडच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "आत सळई टाकावी लागेल, आज केलं तर पाय पहिल्यासारखा होईल." ऑपरेशनची तयारीही केली.

पण शब्बीरच तयार होईना. त्याचं एकच: "रैन दो. वैद के पास जाता. पट्टी बांधता, हो जाता." त्याचा मेहुणा जावेद जीप घेऊन दवाखान्याच्या दारात हजर. मागच्या सीटवर गादी अंथरलेली. त्या वैद्याकडून हाड बसवून आलेली दोन माणसं मी बघितलीत. एकाचा पाय पूर्वेला जातो, माणूस पश्चिमेला. शब्बीर तिकडं गेला असता तर परत परांचीवर चढला नसता, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आणि परांचीवर न चढणारा गवंडी म्हणजे काय, ते त्याच्या घरच्यांना विचारा.

सुपरवायझर दवाखान्यातून फोनवर रडकुंडीला आला होता. "मी म्हणालो कंपनीचा विमा आहे. तर म्हणतो, कागज दिखाव. जावेद म्हणतो, चहा पिऊन होईपर्यंत थांबतो, मग निघतो. काहीतरी करा!"

दादासाहेब नारायणगडाला दर्शनाला गेलेले. फोन बंद. राहिले नाना.

मी नानांना संगणकापुढं अक्षरशः टाकलं. "नाना, आज रामराम नाही, पाऊसपाणी नाही. युसूफ वडगाव गोदाम, कामगारांचा विमा. लिहा!"

नानांचा चेहरा पांढरा पडलेला. शब्बीरवर त्यांचा जीव. एका बोटानं लिहिलं. पाहुण्यानं क्षणात विचारलं: 'या कामाचा कामगार विमा सापडला. ही नोंद उघडू का?'

आणि नानांच्या बोटाला जी एकच वाट ठाऊक, ती त्यानं धरली. 'राहू द्या.'

'ठीक आहे. विनंती रद्द केली आहे.'

"नाना!" मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद केलं.

"चुकलं, चुकलं! पुन्हा लिहितो, थांब." पुन्हा लिहिलं. पुन्हा प्रश्न आला. नाना घामाघूम. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आईचं नाव निघतं, तसं नानांच्या बोटातून तेच निघालं. रद्द.

तिसऱ्यांदा पाहुण्यालाही शंका आली असावी. त्यानं जरा निराळं विचारलं: 'या नोंदीत कामगारांची खासगी माहिती आहे. खरोखरच उघडू का?'

मी म्हणालो, "हो म्हणा!"

नाना माझ्याकडं वळले. डोळ्यांत दुखावल्याची कळा. "खरोखरच का, म्हणतोय. म्हंजी त्याच्या मनात न्हाई बे. मनात नसताना कुणाकडून कशाला घ्यायचं?" आणि मी हात धरायच्या आत त्यांनी लिहिलं: 'तसं आसंल तर राहू द्या.'

पडद्यावर आलं: 'परवानगी तीन वेळा नाकारली गेली आहे. सुरक्षिततेसाठी ही नोंद बंद केली आहे. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.'

त्या क्षणी मी नानांचं जे करणार होतो ते कायद्यात बसत नाही, म्हणून मी प्राजक्ताला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. ती मीटिंगमधून उठून बाहेर आली. "स्पीकर लाव. नाना, ऐकताय ना? मी पुण्याहून उघडून देतेय."

नाना फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "बाई, तू कामात आसशील, कशाला त—"

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आयुष्यात वडीलधाऱ्याच्या तोंडावर ठेवलेला तो पहिला हात. प्राजक्ता म्हणाली, "नाना, आता तो विचारेल. तुम्ही फक्त एक अक्षर लिहायचं. शब्बीरकाकांचा पाय त्या अक्षरावर आहे."

'ही नोंद उघडू का?'

नानांनी ओठ आवळले. कपाळावरची शीर फुगली. बोट 'ह'वर गेलं, मागं आलं, परत गेलं. बाळंतपणाला एवढ्या कळा लागत नाहीत. शेवटी पडद्यावर उमटलं: 'हो.' मी सुटकेचा श्वास सोडतो तोवर त्यांनी पुढं जोडलं: 'पण तुमाला जमत आसंल तरच.'

पाहुण्यानं क्षणभर विचार केला असावा.

'नोंद उघडली आहे.'

आणि पुढं ओळीनं सगळं: काम गोदामाचं, विमा चालू, दवाखान्याचा खर्च विम्यात धरलेला, कामगारांत शब्बीर शेख, गवंडी. आम्ही प्रिंट काढली. शाई वाळायच्या आत मी मोटारसायकलला किक मारली. नाना मागं बसले, कागद छातीशी धरून. नवजात लेकरू धरावं तसा. वाटेत ते एकदाही राहू दे म्हणाले नाहीत, फक्त "पळीव बे, पळीव!"

जावेद चहा पिऊन ग्लास परत देत होता. आम्ही जीपच्या पुढ्यात मोटारसायकल आडवी घातली आणि आत धावलो.

शब्बीर कॉटवर पडलेला. चेहऱ्यावर वेदना, पण आम्हाला बघून उठून बसायचा प्रयत्न. नानांनी कागद त्याच्या डोळ्यांपुढं धरला. "हे बघ. तुझं नाव. सगळं विम्यात हाय. चल, आप्रेशन करून घे."

शब्बीरनं कागद बघितला. नावावरून बोट फिरवलं. मग कागद घडी करून नानांच्या हातात परत दिला आणि हसून म्हणाला, "रैन दो नाना. कायकू इतनी तकलीफ."

नाना जागच्या जागी थिजले.

मी तो चेहरा बघितला आहे. आयुष्यभर दुसऱ्यांवर सोडलेला दगड एकदम आपल्याच कपाळावर येऊन बसल्यावर माणूस दिसेल, तसे दिसत होते. क्षणभर वाटलं, आता नाना म्हणणार, 'बरं, तसं म्हणतोस तर.' आणि जावेदची जीप निघणार.

नानांनी स्टूल ओढलं आणि कॉटला गुडघा लावून बसले.

"शब्बीर, आप्रेशन करून घे."

"नै नाना. कुछ नै हुआ मेरेकू."

"करून घे म्हणतोय मी."

"पट्टी से हो जाता ना."

"न्हाई हुत. करून घे."

मी मोजणं सोडून दिलं. नाना विचारत नव्हते, धरणं धरून बसले होते. डॉक्टर एकदा डोकावून गेले, नर्स एकदा डोकावून गेली, जावेद दाराशी येऊन उभा राहिला. नाना तेच वाक्य, त्याच आवाजात, आवाज न चढवता. शेवटी शब्बीर खिडकीकडं बघत हळूच बोलला, "नाना, विमा लगाया तो सेठ अगले काम पे लेते नै. बोलेंगे, गिरता है, कागज नचाता है. मेरेकू काम होना."

असं होतं तर. पायापेक्षा पुढच्या परांचीची काळजी.

"सेठला काय म्हणायचं ते मला म्हणू दे," नाना म्हणाले. "पुढच्या कामाच्या विम्यात पहिलं नाव तुझं लिहिणार. मीच लिहितो ना? दादासाहेबाला नको वाटलं तर माझंबी खोडावं लागंल."

शब्बीर खिडकीकडून वळला आणि म्हणाला, "तुम रुकते क्या?"

"तू आतून बाहेर येस्तोवर हितून हलत न्हाई."

शब्बीरनं मान हलवली. जावेद काही न बोलता बाहेर गेला, जीपमधली गादी गुंडाळून आणली आणि नानांना बसायला बाकड्यावर अंथरली. नाना बसले. दादासाहेब गडावरून उतरल्यावर त्यांनी फोन केला, तेव्हा नानांनी त्यांना आधी पुढच्या कामातलं पहिलं नाव सांगितलं आणि मग काय झालं ते. दादासाहेब म्हणाले, "आरं, ते काय सांगायचं असतं का?"

आत ऑपरेशन चालू होतं. आम्ही दोघं त्या गादीवर. मी म्हणालो, "नाना, आज तुम्हीच तुम्हाला भेटलात."

नाना हसले नाहीत. गावाकडचं बोलायला लागले. त्यांचं गाव आष्टीच्या अलीकडचं. दसरा झाला की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, साखर कारखान्याच्या मुलखात. नानाला शाळेसाठी आत्याकडं ठेवून.

"आत्याची स्वतःची तीन. मी चौथा. सांजच्याला भाकरी वाढायची आन मला इचारायची, आणखी वाढू का रं? हो म्हणावं तर टोपल्यात किती हाय ते मला दिसायचं न्हाई. तिच्या लेकराची तर न्हाई ना? म्हणून म्हणायचो, राहू दे. मग ती परत इचारायची. तवाबी राहू दे. तिसऱ्यांदा इचारलं की समजायचं, आज खरंच हाय भाकर. मग ताट पुढं करायचो."

"आणि तिसऱ्यांदा नाही विचारलं तर?"

"तर न्हाई इचारलं." नाना पायातली कोल्हापुरी सारखी करत म्हणाले. "आत्या लई चांगली होती. तिनं बऱ्याचदा तिसऱ्यांदा इचारलं."

मग म्हणाले, "तुझ्या काकूला ही सवय ठाऊक होती. ती इचारायचीच न्हाई. सरळ ताटात टाकायची. ती गेली, आन मग पुन्हा सगळे एकदाच इचारायला लागले."

ऑपरेशन चांगलं झालं. शब्बीर पुढं काठी घेऊन चालला, मग काठीशिवाय, आणि आता केजजवळच्या शाळेच्या कामावर परांचीवर उभा राहून खालच्या मजुरांना अशा शिव्या घालतो की ऐकून विटा आपोआप वर चढतात. विम्यातलं पहिलं नाव त्याचंच. मी स्वतः बघितलं आहे.

त्या कामाचा विमा काढायच्या आधी मी गुपचूप प्राजक्ताला फोन केला होता. "त्या पाहुण्याला एक गोष्ट शिकवता येईल का?" तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन ओळींचं काम आहे. करते."

पुढच्या वेळी नानांनी नोंद मागितली. पाहुण्यानं विचारलं, उघडू का. नानांनी नेहमीचं लिहिलं आणि हात मांडीवर घेऊन बसले. मी बिलात मान घातली.

पडद्यावर आलं: 'नाना, नको म्हणालात तरी परत विचारतो. उघडू ना?'

नानांनी चष्मा वर केला, खाली केला. सावकाश लिहिलं: 'राहू द्या पाव्हणं.'

'मला काहीच त्रास नाही, नाना. माझा आग्रह आहे. उघडू द्या.'

नानांनी पडद्यावर बोट फिरवत ती ओळ दोनदा वाचली. मग 'बरं' लिहिलं. नोंद उघडली. त्यांनी ती बघितली नाही. माझ्याकडं न वळताच म्हणाले, "हे त्याचं सवताचं न्हाई बे. कुणीतरी सांगितलंय त्याला."

"असेल," मी म्हणालो. "मला काय माहीत?"

"ज्यानं सांगितलं, त्याला म्हणावं, आज सांजच्याला जेवायला ये घरी. मला बाजरीची भाकर जमती. पिठलंबी बरं हुतं."

मी गेलो. नानांच्या दोन खोल्यांत स्टोव्हजवळ पाट मांडलेला, एकच. स्वतः नाना तव्यापुढं. भाकरी फुगायची, ते ती चिमट्यानं उचलून माझ्या ताटात टाकायचे आणि चेहरा तव्याकडं वळवून म्हणायचे, "आणखी वाढू का रं?" भाकरी भल्या जाड, परातीएवढ्या. माझी धाव दोन भाकरींची. दुसरी संपता संपता कमरेचा पट्टा सैल केला होता, श्वास घशापाशी आला होता.

नानांनी तिसरी तव्यावरून उचलली. माझ्याकडं बघितलं.

मी ताट पुढं केलं.